चिकटवलेले पीव्हीसी फिटिंग पुन्हा वापरण्याबाबत खुलासा

सॉल्व्हेंट सिमेंटने (पीव्हीसी पाइप चिकटवायच्या द्रवाने) जोडलेला एल्बो (पाइपला वळण देणारे फिटिंग) किंवा टी (तीन तोंडांचे फिटिंग) उकळत्या पाण्यात धरला की सांधा सुटतो आणि फिटिंग नव्यासारखे वापरता येते, असा सल्ला सध्या फिरत आहे. तो बरोबर नाही. हे सिमेंट डिंकासारखे मधे थर होऊन बसत नाही, तर पाइप व फिटिंग या दोहोंचे पृष्ठभाग विरघळवून त्यांना एकजीव करते. पीव्हीसी साधारण 80 अंश सेल्सिअसला मऊ होते, त्यामुळे उष्णतेने सांधा सुटण्याआधी फिटिंगचे तोंडच वेडेवाकडे होते, आणि आत किंचित निमुळत्या असलेल्या त्या तोंडाचा घट्ट बसण्याचा गुण जातो. थेट ज्योत लावणे तर धोक्याचेच, कारण जळत्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो.

फिटिंग खरोखर महाग असेल, उदाहरणार्थ मोठा व्हॉल्व्ह, तर पाइप तोंडालगत कापून आत राहिलेला तुकडा ड्रिलला लावायच्या रीमरने कोरून काढता येतो. मात्र कोरताना फिटिंगची आतली भिंत जरा जरी खरवडली गेली, तरी ते फिटिंग दाबाच्या (दाबाखाली पाणी वाहणाऱ्या) लाइनवर लावू नये; सांडपाण्याच्या उताराच्या लाइनला, गळती तपासून, ते चालू शकते. साध्या एल्बोसाठी एवढी खटपट आमच्या मते व्यर्थच आहे.