रामेश्वर, बावीस कुंडं आणि एक नऊवारी

रामेश्वरच्या यात्रेला निघताना काशीचं गंगाजल, सुक्या कपड्यांचे दोन जोड आणि घरातली एक आत्या एवढं बरोबर असावं लागतं. पहिल्या दोन गोष्टी आठवणीने घ्याव्या लागतात. तिसरी आपणहून तयार असते आणि बहुतेक वेळा तिकिटं काढायलाही तीच लावते.

आत्याजवळ काशीहून आणलेला, तोंड पक्कं बंद केलेला तांब्याचा गडू होता. काशीची गंगा रामेश्वराला घालायची, रामेश्वरची वाळू प्रयागच्या संगमात नेऊन सोडायची, की यात्रा पुरी. देशाच्या दोन टोकांत पाणी आणि वाळूची ही ने-आण शेकडो वर्षं चालू आहे आणि आमच्या घराण्यातली तिची जबाबदारी आत्याने स्वतःकडे घेतली आहे. पहाटे स्फटिकलिंगाच्या दर्शनाच्या रांगेत चिरंजीवांना तहान लागली. बाटली लॉजवर राहिलेली. त्याने एकदा गडूकडे पाहिलं आणि शाळेत शिकलेलं बाहेर काढलं. "आत्याआजी, एकनाथांनी काशीची कावड तहानलेल्या गाढवाला पाजली होती ना?"

"पाजली होती की," आत्या म्हणाली. "तू गाढव आहेस असं लिहून दे, आत्ता पाजते."

तो गप्प बसला. मीही बसलो, कारण तहान मलाही लागली होती.

स्फटिकलिंगानंतर स्नान. आधी देवळासमोरच्या समुद्रात, म्हणजे अग्नितीर्थात, आणि मग तसंच निथळत देवळात शिरून बावीस कुंडांवर. अग्नितीर्थाचा समुद्र अगदी सज्जन आहे. लाटा जवळजवळ नाहीतच. आपणच खाली बसून डोकं बुडवायचं, तो काही अंगावर येत नाही. ती कसर पुढे बादलीवाले भरून काढतात.

कुंडं म्हणजे बहुतेक ठिकाणी विहिरी. काठावर एक माणूस दोरी लावलेली बादली घेऊन उभा. तो खाडकन पाणी शेंदतो आणि खाली जमलेल्या घोळक्यावर ओततो. महालक्ष्मी, सावित्री, गायत्री, सरस्वती अशी मानाची नावं आधी येतात, मग नल, नील, गवय ही सेतू बांधणाऱ्यांची मंडळी. रामाच्या भात्यातले बावीस बाण म्हणून बावीस तीर्थं असं सांगतात. बादलीवाल्याचा नेमही त्याच घराण्यातला असावा. जो मान खाली घालून नम्रपणे उभा राहतो त्याच्या वाट्याला चार थेंब, आणि जो चष्मा वाचवायला मागे सरकतो त्याच्या थेट कानात. चौथ्या कुंडाला मी चष्मा काढून बायकोकडे दिला. त्यापुढची तीर्थं मी केवळ श्रद्धेने पाहिली.

आत्याचं निराळंच. तिला प्रत्येक ठिकाणी पाणी डोक्यावरून पाहिजे. खांद्यावरून गेलं की ती बादलीवाल्याला हाताने खूण करून परत घालायला लावायची आणि ओंजळीतलं थोडं चाखून बघायची. प्रत्येक कुंडाची चव वेगळी असते म्हणतात. आत्याने ती नुसती मानली नाही, तपासली. तिच्या मागे तीस-चाळीस माणसं कुडकुडत उभी होती, पण सगळी तीर्थयात्रेला आलेली असल्यामुळे कोणी तोंडातून शब्द काढला नाही. गंगा, यमुना आणि गया ही तीन तीर्थं तर इथे लागोपाठच आहेत. गंगेची बादली अंगावर पडल्यावर मी सहज विचारलं, "आत्या, गंगा इथेच आहे, मग गडू कशाला आणला?" तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तेविसावं तीर्थ होतं.

शेवटी कोटितीर्थ. तिथून बाहेर पडलो तेव्हा मी इतका शुद्ध झालो होतो की दात वाजत होते.

आता खरी अडचण. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे सोडत नाहीत. सगळ्यांनी कपडे बदलायचे आणि ओले पिशवीत भरायचे. माझा पंचा, मुलाची चड्डी, बायकोचा पंजाबी ड्रेस, हे सगळं एका पिशवीत मावलं. दुसरी पिशवी आत्याच्या नऊवारीची. नऊ वार सुती लुगडं बावीस कुंडं प्यायल्यावर किती जड होतं हे ज्याने उचललं त्यालाच कळतं. ते मी उचललं.

दर्शन छान झालं. हनुमान शिवलिंग घेऊन वेळेत पोचला नाही म्हणून सीतेने वाळूचं लिंग केलं, त्याचीच रामाने पूजा केली, आणि मग मागाहून आलेल्या हनुमानाचं मन राखायला त्याने आणलेल्या लिंगाला पहिल्या पूजेचा मान दिला. आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात उशिरा येणारे एक काका असतात आणि पहिलं ताट त्यांनाच वाढावं लागतं. ही रीत इतकी जुनी असेल असं वाटलं नव्हतं. इथले पुजारी मूळच्या महाराष्ट्रीय घराण्यांतले, हे आत्याने कुठेतरी वाचलं होतं. गडूतलं जल त्यांच्या हाती सोपवताना तिने आपलं गाव, कुळ, माझं अजून न झालेलं प्रमोशन हे सगळं शुद्ध मराठीत सांगायला घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "चला, पुढे चला." पंढरपुरापासून इतक्या लांब येऊन हे दोन शब्द ऐकले आणि आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाहेरच्या प्रदक्षिणामार्गात 1212 खांब आहेत. मुलगा मोजणार होता. मी म्हटलं मोज, आम्ही लॉजवर जातो. मग त्याने ती गणना शासनावर सोडली.

लॉजवर पाटी होती : गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत. दुपारी खोली सोडायची, संध्याकाळची गाडी. काउंटरवरचा माणूस सामान ठेवून घ्यायला तयार होता, मात्र पिशवीतून ठिबकणारं पाणी पाहून त्याने हात जोडले. थोडक्यात बॅगा लॉजवर राहिल्या आणि ओली नऊवारी आमच्याबरोबर स्थलदर्शनाला निघाली.

रिक्षावाल्या अण्णांकडे छापील कार्ड होतं. त्यावर एकाखाली एक पॉइंट. देऊळ असो, पूल असो, राष्ट्रपतींचं स्मारक असो, कार्डावर सगळे पॉइंटच, आणि प्रत्येकाला वेळ एकच. "पाँच मिनट, सार." आत्याने मात्र कार्डाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने रिक्षाच्या मागच्या दांडीला लुगड्याचं एक टोक बांधलं, दुसरं पुढच्या दांडीला, आणि मधला भाग आमच्या मांडीवर पसरला. अण्णांनी आरशात पाहिलं. आरशात फक्त लुगडं होतं. "अम्मा, पोलामा?" त्यांनी विचारलं. "चला," आत्या म्हणाली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि दिवसभर एकदाही अडलं नाही.

त्या क्षणापासून दिवसाचा कार्यक्रम लुगडं ठरवू लागलं. गंधमादन टेकडी म्हणजे रामाची पावलं असलेलं ठिकाण, बेटावरची सगळ्यात उंच जागा. वरून चहूकडे बेट आणि समुद्र दिसतो. आत्या पावलांवर डोकं ठेवून आली आणि म्हणाली, "इथे वारा चांगला आहे, दहा मिनिटं थांबू." पंचमुखी हनुमानाच्या देवळात पाण्यावर तरंगणारे दगड ठेवले आहेत. तिथे सावली होती म्हणून दोन मिनिटांत आटोपलं. मुलगा दगडातल्या पोकळ्या, घनता वगैरे सांगू लागला होता, ते शास्त्र अर्ध्यावर राहिलं. सगळ्यात जास्त वेळ गेला तो कार्डावर नसलेल्या पॉइंटवर, म्हणजे शंख-शिंपल्यांच्या दुकानात. तिथे पंखे होते.

कलामांच्या स्मारकावर मी मात्र अडून बसलो. या बेटावर जन्मलेला मुलगा, धावत्या गाडीतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे उचलून गावात वाटणारा, पुढे राष्ट्रपती होतो. हे पाच मिनिटांत उरकायचं नाही असं मी जाहीर केलं आणि सगळ्यांना आत नेलं. आत्या प्रत्येक चित्रासमोर मनापासून थांबली. बाहेर आलो तर अण्णांनी रिक्षा उन्हात लावून लुगड्याची बाजू पालटून ठेवली होती.

पांबनला रस्त्याच्या पुलावरून शेजारचे दोन रेल्वेपूल दिसले. 1914 चा जुना, आता बंद झालेला, ज्याची दोन्ही पाती जहाज आलं की वर उघडायची, आणि 2025 मध्ये सुरू झालेला नवा, ज्याचा मधला अख्खा तुकडा सरळ वर उचलला जातो. तो उचललेला बघायचं भाग्य नव्हतं. खाली समुद्र दोन रंगांचा, वर पोलिसांची शिट्टी. सगळे खाली उतरून फोटो काढतात आणि सगळ्यांना तिथे थांबायला मनाई आहे.

मग धनुष्कोडी. रस्ता सरळ समुद्रात जातो असं वाटतं, दोन्हीकडे पाणी आणि वाळू. वाटेत कोदंडराम, बिभीषण रामाला शरण आला ती जागा. पुढे चर्चच्या भिंती, स्टेशनचे अवशेष. 1964 च्या डिसेंबरात एका रात्रीत वादळाने हे गाव नेलं, स्टेशनच्या दिशेने येणारी प्रवाशांनी भरलेली गाडीसुद्धा. त्या पडक्या भिंतींपाशी लोक माळा विकतात, नारळपाणी विकतात. आम्ही तिथे उतरलो तेव्हा आत्याने लुगड्याचं नाव काढलं नाही.

टोकाला, अरिचल मुनईला, अशोकस्तंभ आहे आणि त्यापुढे जमीन संपते. श्रीलंका तिथून 25-30 किलोमीटर. मुलाच्या फोनवर परदेशात आपलं स्वागत असल्याचा संदेश आला आणि त्याने घाबरून फोनच बंद केला. वारा असा की उभं राहायला जोर लावावा लागत होता. आत्याला हवा होता तो हाच. तिने गाठी सोडल्या, आणि लुगडं एकदम शिडासारखं फुगून लंकेच्या दिशेने निघालं. एक टोक माझ्या हातात, दुसरं अण्णांच्या. बायको आम्हाला दोघांना कमरेला धरून. लंकेला जाण्याची इतकी तयारी रामानंतर त्या किनाऱ्यावर कोणी केली नसेल.

पाच मिनिटांत खणखणीत वाळलं. कार्डावरच्या वेळेत नेमका बसलेला दिवसातला हा एकमेव पॉइंट.

मग घडी. अण्णा आणि मी समोरासमोर, लुगडं ताणून, दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे. आत्या बाजूला उभी राहून काठ जुळत नाहीत म्हणून सूचना देत होती, मराठीत, दोघांनाही. अशोकस्तंभाकडे पाठ करून लोक आमचे फोटो काढू लागले. एका कुटुंबाने तर थोडं डावीकडे सरका म्हणून सांगितलं.

गाडीला अजून वेळ होता. परतीच्या रस्त्यात मी डोळे मिटून बसलो, मांडीवर कोरडी, इस्त्री केल्यासारखी घडी. तेवढ्यात आत्याने अण्णांचं कार्ड पहिल्यांदाच हातात घेऊन वाचलं.

"अरे, लक्ष्मणतीर्थ राहिलंच की. तळं आहे तिथे. स्नानाचं पुण्य फार म्हणतात."

अण्णांना मराठी येत नाही. तरी त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि रिक्षा स्टेशनच्या रस्त्याला अशी सुटली की आत्याला कार्ड दोन्ही हातांनी धरावं लागलं.