धाकटीच्या रकान्यातलं शून्य

नमस्कार,

इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या माझ्या जुळ्यांसोबत काढलेल्या दिवसांवरच्या लेखाला तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, म्हणून उत्तर चार दिवस उशिरा देते आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुळ्यांपैकी थोरल्याला मी रोज तासन्‌तास छातीशी घेऊन बसले, धाकटीकडे नुसती काचेतून बघत राहिले, म्हणजे पहिल्याच आठवड्यात डावं-उजवं केलं आणि वर त्या ‘कांगारू’च्या परदेशी फॅडचं कौतुक सांगितलं. शिवाय, रात्री घरी जाऊन झोप लागली तरी कशी?

फॅडचं आधी उरकते. बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची ही पद्धत 1970च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियात, बोगोटाला सुरू झाली, तीही बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. डॉ. एदगार रेय यांनी इवलाली बाळं सरळ आयांच्या छातीशी ठेवली. गरजेपोटी निघालेली गोष्ट आहे ती. आता तर जागतिक आरोग्य संघटनाच 2022 पासून सांगते, की अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जन्मल्यावर होईल तितक्या लवकर असं घ्यावं, रोज 8 ते 24 तास. मात्र ज्याला स्वतःचा श्वास घेता येत नाही, ते बाळ याला अपवाद.

धाकटी त्या अपवादात होती.

दोघं 29व्या आठवड्यात झाली. थोरला 1240 ग्रॅम, ती 890. त्याला नाकातून दिलेला हवेचा दाब पुरला, तिला पुरला नाही. फुप्फुसातल्या बारीक फुग्यांना आतून सरफॅक्टंटचा पातळ थर लागतो. तो नसला की श्वास सोडल्यावर ते मिटतात आणि पुन्हा उघडताना बाळ दमून जातं. तिला तो श्वासनलिकेतून औषध म्हणून दिला, तरी व्हेंटिलेटर सुटला नाही. दोघांत अंतर दोन मिनिटांचं, पण त्याला जे चालत होतं ते तिला झेपत नव्हतं.

तिला कुरवाळायचीही सोय नव्हती. बोटाने गोंजारलं की मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा 92 वरून 84 वर, आणि लगेच घंटी. एक अनुभवी सिस्टर म्हणाल्या, ‘चोळू नका हो. हात ठेवा आणि हलवू नका.’ एक तळवा डोक्यावर, दुसरा पावलांवर, की मधे मुलगी उरायचीच नाही फारशी. दूध दर दोन तासांनी एक मिलिलिटर, तेही नळीने. दट्ट्या काढून सिरिंज नुसती उभी धरायची. हात वर नेला की दूध भरभर उतरतं, खाली आणला की रेंगाळतं. सिस्टरांनी ते काम माझ्याकडे सोपवलं होतं. मी ‘नुसती बघत होते’ म्हणता, तेव्हा हे करत होते.

झोपेचं म्हणाल, तर ती तीन-तीन तासांच्या तुकड्यांत लागायची. मधे उठून दूध काढायचं, बाटलीवर तारीख-वेळ लिहायची.

इथवर मी माझी बाजू मांडली. आता जे मूळ लेखात लिहिलं नव्हतं ते.

विसाव्या दिवशी तिचा व्हेंटिलेटर निघाला. सिस्टर म्हणाल्या, ‘आज हिला घ्या.’ मी म्हटलं, ‘उद्या घेते, आत्ता त्याची वेळ झालीय.’ दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी म्हणे माझा घसा धरल्यासारखा वाटत होता. घसा ठणठणीत होता. ती राहील याचा मला भरवसा नव्हता आणि तिची सवय लावून घ्यायला मी धजत नव्हते. चौथ्या दिवशी सिस्टरांनी विचारलंच नाही. खुर्ची मागे कलती केली, नळ्या माझ्या खांद्याला चिकटपट्टीने लावल्या आणि तिला आणून ठेवली. वजन जाणवलंच नाही. मॉनिटर मात्र गप्प राहिला, मी सारखी मान वळवून बघत होते म्हणून सिस्टर ओरडल्या.

तेव्हा डावं-उजवं झालं, हे खरं. फक्त तुम्ही म्हणता त्या आठवड्यात नाही, नंतर झालं.

धाकटीला मोठेपणी काय सांगणार, असंही तुम्ही विचारलंय. माझ्याकडे त्या 68 दिवसांची वही आहे. दोन रकाने, कोणाला किती तास घेतलं त्याचे. तिच्या रकान्यात पहिल्या दिवसापासून शून्यं आहेत. त्यांतल्या शेवटच्या तीन शून्यांभोवती मी काल पेन्सिलीने गोल केले.