संपत आले म्हणजे किती उरले?

‘मॅडम, ब्रेक पॅड संपत आलेत. सेफ्टीचा विषय आहे, रिस्क घेऊ नका.’

सर्व्हिस सेंटरकडून आलेला हा मेसेज भाचीने आज मला पुढे पाठवला आणि डोकंच फिरलं. तिची पहिलीच गाडी, जेमतेम वीस हजार किलोमीटर चाललेली, नेहमीच्या सर्व्हिसिंगला टाकलेली. सोबत एस्टिमेट. पुढचे पॅड, डिस्क टर्निंग, इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी गॅस टॉप-अप, अलाइनमेंट, नायट्रोजन. पैशांचे सोडले तर त्या अख्ख्या कागदावर एक आकडा नाही!

संपत आले म्हणजे किती उरले? अहो, पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणारी डिस्क दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणारा तुकडा. तो मोजता येतो. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिलीमीटर मटेरियल असतं. ते ३ च्या आसपास आलं की बदलायचं. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक बारीक पट्टी असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासून किंचाळायला लागते, म्हणजे गाडी स्वतःच सांगते. अलॉय व्हीलच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारला तर बाहेरचा पॅड दिसतो. आतला दिसत नाही, आणि कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या पकडीच्या, स्लाइड पिना जाम झाल्या असतील तर बऱ्याचदा तोच आधी संपतो. म्हणून चाक काढून आतला पॅड दाखवायला सांगायचं. भाचीने सांगितलं. उत्तर आलं, ‘मॅडम, गाडी वॉशिंगला गेलीय.’

वा!

तिने हट्ट सोडला नाही तेव्हा तासाभराने फोटो आला. सात मिलीमीटर. निम्म्याहून जास्त पॅड शिल्लक आणि हे निघाले ‘सेफ्टी’ विकायला. माझा राग पॅडवर नाही. राग त्या ‘रिस्क घेऊ नका’वर आहे. नव्या माणसाला गाडीतलं काही कळत नाही, त्याला भीती तेवढी कळते, आणि धंदा त्या भीतीवर चालतो. नाही म्हटलं की पुढचं वाक्य तयार: ‘तुमची मर्जी, नंतर आम्हाला सांगू नका.’

डिस्क टर्निंग म्हणजे डिस्क लेथवर घासून आणखी पातळ करणं. किमान जाडी किती हवी ते बहुतेक डिस्कवर कोरलेलंच असतं. ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरत नाही, स्टिअरिंग हलत नाही, डिस्कवर खोल चरे नाहीत, तर ती घासायची कशाला?

इंजिन फ्लशची तर कमालच. वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या इंजिनात धुवायला काही नसतं. आणि ज्या इंजिनाची वर्षानुवर्षं हेळसांड झालीय, त्यात फ्लश टाकला की साचलेला गाळ सुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसू शकतो. मग ऑइलचं प्रेशर पडतं आणि बेअरिंग कोरडी पडतात. म्हणजे एकाला गरज नाही, दुसऱ्याला धोका. विकतात मात्र दोघांनाही. इंधन फवारणारे इंजेक्टर खरंच चोक होतात, मान्य. पण मग इंजिन आयडलिंगला थरथरतं, पिकअप जातो, मिसफायरचा, म्हणजे इंधन नीट न पेटल्याचा, कोड येतो. लक्षणच नाही तर औषध कसलं?

ग्लव्ह बॉक्समधलं जाडजूड पुस्तक कुणी उघडत नाही, तेवढं उघडा. शेवटच्या पानांत किती किलोमीटरला काय बदलायचं त्याचा तक्ता असतो. एस्टिमेट आणि तो तक्ता शेजारी ठेवून वाचायचं. इंजिनात फिल्टरसकट किती लिटर ऑइल मावतं आणि कोणत्या ग्रेडचं, तेही त्यातच असतं. पुस्तक ३.१ लिटर म्हणतं आणि बिलावर ४ लिटर असतील, तर उरलेलं गेलं कुठे? डबा फोडला असेल तर उरलेलं ऑइल मागून घ्या, तुमचंच आहे. आणि सगळं इंजिनात ओतलं असेल तर ते आणखी वाईट. लेव्हल फार वर गेली की क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि पंप ऑइलबरोबर हवा ओढायला लागतो. सपाट जागेवर गाडी उभी करा, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि बघा. दोन खुणांच्या मधे हवं. काळ्या रंगाला घाबरू नका. डिझेल गाडीत नवं ऑइलसुद्धा काहीशे किलोमीटरमध्ये काळं होतं.

आता एसी. इथे खरंच संताप होतो. गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही! सिस्टीम बंदिस्त असते. होजमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, ठीक आहे. पण तीन वर्षांच्या आतल्या गाडीत गॅस जाणवण्याइतका कमी झाला असेल तर लीक आहे, आणि लीक न शोधता टॉप-अप केलं तर तो गॅसही त्याच वाटेने जाणार. बॉनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम भरायचा ते छापलेलं असतं. गॅस भरायचं मशीन आधी किती काढला आणि नंतर किती भरला ते ग्रॅममध्ये दाखवतं. ते दोन आकडे बिलावर मागा. त्याहीआधी केबिन फिल्टर बघा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि पान्याशिवाय हाताने निघतो. धुळीने गच्च भरला की हवा येत नाही आणि लोकांना वाटतं गॅस गेला. भाचीच्या गाडीतही तेच होतं, आणि गॅस टॉप-अप एस्टिमेटमध्ये लावून मोकळे!

टायरमध्ये भरायच्या नायट्रोजनवर शब्द खर्च करत नाही. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

हे लिहिताना गाडीखाली झोपून काम करणारी पोरं डोळ्यांसमोर येतात. त्यांच्यावर माझा राग नाही. टार्गेट सहसा काउंटरवरच्या अ‍ॅडव्हायझरच्या डोक्यावर असतं, आणि त्याच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं असतंच. म्हणून जमेल तेव्हा पाना हातात असलेल्या माणसाशी बोला. ‘दादा, तुमची गाडी असती तर आज काय बदललं असतं?’ एवढं विचारा. बहुतेकदा यादी अर्ध्यावर येते. चांगले मेकॅनिक आहेत, भरपूर आहेत, आणि जुना पार्ट न मागता हातात ठेवतात.

पण संशयाने पछाडून सगळ्यालाच नाही म्हणू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-४ ग्रेडच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शिरलं की तो १५५ पर्यंत येऊ शकतो, आणि मग लांब घाटउतारावर पेडल मऊ पडतं. साधारण दोन वर्षांनी बदलाच. ओलावा मोजायचं पेनाएवढं यंत्र मिळतं, त्यावर ३ टक्क्यांच्या वर दिसलं तर वाद घालू नका. टायमिंग बेल्ट असेल तर पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना बदला. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन वॉल्व्हवर आदळतो, मग कितीही घासाघीस करा.

खडखड आवाज आला की शॉकर गेला असं सांगतात. बऱ्याचदा ती सस्पेंशनमधली लिंक रॉड किंवा लोअर आर्मचं रबरी बुश असतं. गाडी लिफ्टवर घेऊन, पहार घालून प्ले, म्हणजे ढिलेपणा, दाखवायला सांगा. शॉकरवर धूळ चिकटलेला ओलसर थर चालतो, ऑइल ओघळत असेल तर गेला. चेक इंजिनचा दिवा लागला तर कोड खोडायच्या आधी स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढा. पी०४२० हा कोड आला म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) गेलाच असं नाही. सायलेंसरच्या लाइनमधली गळती किंवा ऑक्सिजन सेन्सरमुळेही तो येतो. बॅटरी ‘वीक’ आहे म्हणाले तर किती व्होल्ट ते विचारा. रात्रभर उभी असलेली चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना सुमारे १४. आणि क्लचचं काम निघालं तर लेबरचा रकाना नीट वाचा. क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील, तिन्हींसाठी गिअरबॉक्स एकदाच उतरतो. लेबर तीनदा लावलेलं दिसलं की तिथेच थांबवा.

गाडी देताना जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘सस्पेंशन चेक’ असं मोघम नको, ‘खड्ड्यात पुढून डाव्या बाजूने टकटक’ असं हवं. किलोमीटर आणि पेट्रोलच्या काट्याचा फोटो काढा. ‘एस्टिमेटबाहेरचं काम फोन केल्याशिवाय नाही, जुने पार्ट परत’ हे आधी लिहा, मग सही. काम झाल्यावर मागितलेला जुना पार्ट हमखास ‘भंगारात गेला’ असतो. एअर फिल्टरच्या कडेला मार्करने एक ठिपका देऊन ठेवा, म्हणजे परत आलेला फिल्टर तुमचाच की दुसऱ्या कुणाचा ते कळतं. नव्या पार्टचा बॉक्स घ्या आणि त्यावरचा पार्ट नंबर बिलाशी जुळवा.

चाकं काढली असतील तर नट नुसत्या एअर गनने कसू देऊ नका, टॉर्क रेंच लावायला सांगा. छोट्या गाड्यांना बहुतेक १०० ते ११० न्यूटन मीटर लागतं, नेमका आकडा पुस्तकात आहे. आणि ५०-१०० किलोमीटर चालवून झाल्यावर तेच नट परत एकदा तपासून घ्या, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.