१९९६ की १९९७? आधी रेषा कोण मारतंय ते बघा

नेपाळमध्ये सप्टेंबर २०२५ ला जे झालं त्यानंतर जेन झी हा शब्द आपल्याकडे एकदम घराघरात गेला. तिथल्या सरकारने २६ सोशल मीडिया साइट्स बंद केल्या, ८ तारखेला पोरं रस्त्यावर उतरली, त्या एका दिवसात १९ जण गेले, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींचा राजीनामा. तेव्हापासून मराठी चॅनेलवर आणि आमच्या भावंडांच्या ग्रुपवर अधूनमधून तेच सुरू होतं, आपली जेन झी कधी उठणार, मग दुसरा म्हणतो ही रील बघणारी पोरं कसली उठतायत, मग तिसरा विचारतो की पण जेन झी म्हणजे नक्की कोण रे, आणि तिथून गाडी घसरते ती थेट १९९६ की १९९७ इथे येऊन अडकते. आमच्या ग्रुपवर डिसेंबर ९६ चा एक मावसभाऊ आहे आणि फेब्रुवारी ९७ ची त्याची आतेबहीण. तो मिलेनियल, ती जेन झी. दोघं मिरजेत एकाच शाळेत एकाच वर्गात होती, एकाच सरांचा मार खाल्लाय, पण आता तो तिला "तुमची पिढी" म्हणतो!

मी स्टुटगार्टला राहते, गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये काम करते, आणि हा वाद इथून वाचताना मला सारखं वाटतं की आपण दुसऱ्याच्या घराच्या भिंती मोजत बसलोय.

कारण ही ९६-९७ ची रेषा आली कुठून ते बघा. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या सर्वेक्षणं करणाऱ्या संस्थेने ती २०१८-१९ च्या सुमाराला नक्की केली, १९८१ ते १९९६ मिलेनियल, ९७ पासून पुढचे जेन झी. कारणही दिलं होतं, की मिलेनियल लोकांपैकी बहुतेकांना ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला कळण्याइतकं वय होतं, आणि नोकरीच्या वयात येताना २००८ ची मंदी समोर होती. अमेरिकेपुरतं ठीक आहे. पण सांगली-मिरजेच्या पोराला २००१ पेक्षा २००५ चा पूर आठवतो, त्याच्या बालपणाची रेषा मॅनहॅटनमध्ये का मारायची? आणि गंमत म्हणजे २०२१ मध्ये मेरीलँड विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ फिलिप कोहेन यांनी प्यूला उघड पत्र लिहिलं की ही लेबलं बंद करा, याला शास्त्रीय आधार नाही, दीडशेच्या वर अभ्यासकांच्या सह्या होत्या, आणि २०२३ मध्ये प्यूनेच सांगितलं की यापुढे आम्ही ही नावं जपूनच वापरू. म्हणजे ज्यांनी रेषा मारली ते हात आखडते घेतायत आणि आपण ती घेऊन भांडतोय.

जन्मतारखेवरून पिढी ठरवायची तर आपल्याकडे अजून एक पंचाईत आहे. आमच्या आधीच्या दोन पिढ्यांमध्ये निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकली ती तारीख, वर्ष पण अंदाजाने. माझ्या आजीचं वय विचारलं की ती प्लेगच्या साथीपासून सुरू करायची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेले, मिलो आणि सुकडी खाल्लेले, जुन्या अकरावीचे मॅट्रिक, किल्लारीच्या भूकंपाआधीचे आणि नंतरचे, असं आपण माणसं ओळखत आलोय. याच्यात ३१ डिसेंबर रात्री बारा वाजता पिढी संपली असं कुठेच नाही.

आता इथलं सांगते. जर्मनीत "बूमर", म्हणजे युद्धानंतर पोरांची लाट आली तिच्यातले, नक्की कोण हे विचारलं तर अमेरिकेपेक्षा वेगळंच उत्तर मिळतं. तिकडे युद्ध संपल्या संपल्या, १९४६ पासून पाळणे हलायला लागले आणि ६४ ला ती लाट ओसरली. इथे युद्धानंतर देशच उरला नव्हता, खायची मारामार, त्यामुळे लाट उशिरा आली, १९५५ च्या सुमाराला सुरू झाली आणि तिचा कळस कधी तर १९६४! दोन्ही जर्मनी मिळून त्या वर्षी साडेतेरा लाखांवर मुलं जन्मली, तेवढी परत कधीच नाही. म्हणजे अमेरिकेत बूमर जिथे संपले तिथे जर्मनीत ऐन भरात होते. एवढे दोन श्रीमंत गोरे देश, त्यांचं आपसात जमत नाही, आणि आपण मात्र तेच कोष्टक जसंच्या तसं घेतलं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. इथे २००७ मध्ये कायदा झाला, पेन्शनचं वय ६५ वरून हळूहळू ६७ वर न्यायचं. १९६४ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना पूर्ण ६७. माझ्या डिपार्टमेंटला ६३ चा एक जण आहे, त्याचं ६६ वर्षं १० महिने. ६४ चा दुसरा, त्याचं ६७. दोन महिन्यांचाच फरक, पण कॅन्टीनमध्ये त्यावरून जे काय चालतं ना! मिलेनियल-जेन झी वर इथे कोणी एवढा जीव टाकत नाही, आपल्या जन्मवर्षाचं पेन्शनचं वय मात्र प्रत्येकाला पाठ.

हे ऐकताना मला आपल्याकडची १ नोव्हेंबर २००५ ही तारीख आठवते. महाराष्ट्रात त्या तारखेच्या आधी सरकारी नोकरीत लागलेल्याला जुनी पेन्शन आणि नंतर लागलेल्याला नाही. आमच्या ओळखीत झेडपीच्या एकाच शाळेतले दोन सर आहेत, एक २००४ चे एक २००६ चे, वयात तीन वर्षांचंही अंतर नाही, बायका एकत्र भिशी खेळतात. पण २०२३ ला एकाला म्हातारपणी महिन्याला किती येणार ते माहीत होतं आणि दुसरा बाजाराकडे बघत बसला होता. त्या मार्चच्या संपात "एकच मिशन जुनी पेन्शन" ओरडत दोघं बरोबरच होते, पण २००४ वाले सर कुणासाठी ओरडत होते आणि २००६ वाले कुणासाठी, हे दोघांनाही माहीत होतं. मला विचाराल तर ही खरी पिढीची हद्द, अलीकडचा एक, पलीकडचा एक. जिला पैसा चिकटलेला आहे किंवा सक्ती चिकटलेली आहे ती रेषा खरी, बाकीच्या जाहिरातवाल्यांच्या सोयीच्या.

अशी शाळेतलीही एक आहे आपली. जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी पाचवीला ए बी सी डी. म्हणजे साधारण ९४ च्या आसपास जन्मलेल्यांपासून मराठी माध्यमाचा वेगळाच प्राणी तयार झाला. यावर कोणी मीम करत नाही.

सक्तीचं उदाहरण तर इथे आत्ता समोर घडतंय. जर्मनीत सक्तीची लष्करी सेवा जुलै २०११ ला थांबवली होती. आता युक्रेननंतर यांना सैन्य वाढवायचंय, तर १ जानेवारी २०२६ पासून नवीन कायदा, २००८ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक मुलाने फॉर्म भरायचाच, तब्येत कशी आहे, सैन्यात यायची इच्छा आहे का वगैरे. मुलींना भरला तर भरला. जायचं की नाही हे अजून मर्जीवर आहे, पण माणसं कमी पडली तर संसद पुढचं ठरवू शकते. आमच्या इथल्या मराठी मंडळींत दोन घरं आहेत, दोघांनी जर्मन पासपोर्ट घेतलेत, एकाचा मुलगा नोव्हेंबर २००७ चा आणि दुसऱ्याचा जानेवारी २००८ चा. दोघं गणपतीत एकत्र ढोल वाजवतात. आता एका आईला झोप लागते आणि दुसरी मला विचारते, अगं फॉर्ममध्ये "इच्छा नाही" लिहिलं तर पुढे काही त्रास नाही ना गं होणार? आता या दोन पोरांना एकच लेबल लावून काय साधतं, सांगा मला.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मतदान होतं त्या दिवशी इथली शाळकरी मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली होती, म्हणणं एवढंच की ठरवणारे साठीचे आणि जाणार आम्ही. हा पिढ्यांचा वाद मला कळतो. त्यात कोण कोणती जीन्स घालतं, कोण कोणता इमोजी वापरतं याचा संबंध नाही.

ग्रुपवर असं काही लिहिलं की लगेच येतं, तुला तिकडे बसून काय कळणार. बरोबर आहे, बऱ्याच गोष्टी नाही कळत. पण एक गोष्ट इथे बसल्यामुळेच कळली, ती कामाच्या तासांची. नारायण मूर्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, मग जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टी च्या सुब्रह्मण्यन यांचे ९० तास आले, आणि दोन्ही वेळा आमच्याकडचे काका-मामा सरसावून, आजकालच्या पोरांना कामच नको, आमच्या वेळी असं नव्हतं. इथे माझा बॉस साठ वर्षांचा, अस्सल जर्मन बूमर, शुक्रवारी दुपारी दोनला लॅपटॉप मिटून बागेत खुरपायला जातो. त्याला कोणी जेन झी म्हणत नाही. कारण इथल्या मेटल इंडस्ट्रीतल्या कामगारांनी १९८४ मध्ये कित्येक आठवडे संप करून ३५ तासांच्या आठवड्याची वाट मोकळी केली आणि १९९५ ला ते पूर्ण ३५ झाले. म्हणजे जे आपल्याकडे तरुणांचा आळस म्हणून खपवलं जातं ते इथे म्हाताऱ्यांनी भांडून मिळवलेलं आहे. वयाचा संबंध काय? हिंजवडीतल्या पोराने साडेसहाला निघतो म्हटलं की ती "जेन झी वृत्ती", हे मॅनेजर लोकांना फार सोयीचं पडतं, कारण मग ओव्हरटाइमबद्दल बोलावंच लागत नाही.

आणि एकाच जन्मवर्षात किती अंतर असू शकतं हे बघायचं तर माझ्या टीममध्ये १९७५ चे दोघं आहेत, एक इथलाच स्टुटगार्टचा, दुसरी केमनिट्झची, म्हणजे जुन्या पूर्व जर्मनीतली. तिच्या जन्मदाखल्यावर गावाचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट आहे, कारण ९० पर्यंत तेच नाव होतं. (धाराशिव आणि संभाजीनगरवाल्यांना हे समजावून सांगायला नको.) भिंत पडली तेव्हा दोघं चौदा वर्षांची. त्याला आठवतं की टीव्हीवर बघितलं. तिचं सगळंच बदललं, शाळेतली पुस्तकं, पैसे, आईची फॅक्टरी बंद. ती मला एकदा म्हणाली की माझं वय बर्लिनच्या भिंतीपासून मोज. आपल्याकडे गिरणगावातल्या एखाद्याला विचारा, तो १८ जानेवारी १९८२ म्हणेल, संप सुरू झाला तो दिवस.

उलट बाजूने, पंधरा वर्षांचं अंतर असून एकच पिढी असते हे बघायचं तर सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा. एमपीएससीला ओपनमधून ३८ पर्यंत बसता येतं, मागासवर्गीयांना ४३ पर्यंत. म्हणजे बावीसची पोरगी आणि सदतीसचा दादा एकाच टेबलावर, एकाच मेसचा डबा, एकाच जाहिरातीची वाट बघणं. तो मिलेनियल ती जेन झी, असेल बापडं. २०२३ च्या सुरुवातीला वर्णनात्मक पॅटर्न, म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी लांब उत्तरं लिहायची परीक्षा, लगेच नको, २०२५ पासून लागू करा म्हणून ही सगळी पुण्यात रस्त्यावर बसली, तेव्हा कोणी एकमेकांचं जन्मवर्ष विचारलं नसणार. आयोगाने ऐकलं. आता त्यांच्यात जुन्या पॅटर्नचे आणि नव्या पॅटर्नचे अशी बोली आहे, आणि मला ती प्यूच्या कोष्टकापेक्षा जास्त खरी वाटते. आपली जेन झी कधी उठणार विचारणाऱ्यांनी ते आंदोलन बघितलं नव्हतं की त्याला पिढी म्हणायचं सुचलं नाही, देव जाणे.

नेपाळच्या पोरांनी ते नाव स्वतः घेतलं होतं, हा फरक मी मानते. स्वतःहून लावलं की झेंडा होतो, मामाने लावलं की टोमणा. आणि त्यांनी सत्ता पाडल्यावर डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर चर्चा करून अंतरिम पंतप्रधान म्हणून नाव कुणाचं पुढे केलं, तर सुशीला कार्की, माजी सरन्यायाधीश, वय ७३. म्हणजे वयाचं भांडण नव्हतंच ते मुळात, भांडण होतं भ्रष्टाचाराशी आणि तोंड दाबण्याशी.

म्हणून ग्रुपवर परत ९६-९७ सुरू झालं तर मी दुसरंच एक विचारणार आहे. आमच्याच भावकीत दोघी बहिणी आहेत, थोरली २००१ ची, धाकटी २००६ ची. थोरलीला इंजिनिअरिंगला जायचं होतं, फीचं जमेना, बीएस्सी केलं. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मधल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी पूर्ण माफ केली, आणि धाकटी त्याच वर्षी कॉम्प्युटरला लागली. आता घरात थोरलीच्या लग्नाचं बघतायत आणि धाकटीला कोणी काही विचारत नाही. दोघी तुमच्या हिशोबाने जेन झी. थोरलीला एकदा फोन करून विचारा, पिढी कुठे बदलली, ती तारखेसकट सांगेल.