लाड करा, पण आधी हुंगू द्या

मुंबईत लोक आपल्या कुत्र्यांना स्पामध्ये नेतात, त्यांच्या वाढदिवसाला केक कापतात, हे वर्णन इथल्या लेखात वाचून मजा आली. हौसेला मोल नसतं, नावं ठेवणार नाही. पण आमच्या दादरच्या घरातल्या साहेबांना, म्हणजे आमच्या कुत्र्याला विचाराल, तर लाड म्हणजे पहाटे शिवाजी पार्कच्या कट्ट्याकडेने सावकाश एक फेरी आणि प्रत्येक खांब मनसोक्त हुंगायची मुभा. तो त्यांचा पेपर असतो. घाईने ओढत आणलं की घरी पाठ फिरवून बसतात!

केकचं मात्र जपून. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा-लसूण अजिबात नको. झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं पीनट बटर तर विषच. आमच्याकडे वाढदिवसाला बिनमिठाचा भात आणि उकडलेलं अंडं, त्यावर स्वारी खूश. स्पाचे पैसे वाचले तर पावसाळ्याआधी गोचिडांचं औषध आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) लस यांवर घाला. साचलेल्या पाण्यातून आल्यावर पंजे धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. मे महिन्यात डांबरावर आपला तळहात ठेवून बघा. आपल्याला चटका बसतो, तर त्यालाही बसणारच.

वरच्या प्रतिक्रियेत एका ताईंनी त्यांच्या सोसायटीने कुत्र्यांना लिफ्ट बंद केल्याचं लिहिलंय. ताई, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना छापून कमिटीला द्या. बहुमताने ठराव केला तरी कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, असं त्यांत स्पष्ट आहे. आणि हो, फिरायला जाताना शी उचलायची पिशवी खिशात ठेवा, म्हणजे समोरच्याला भांडायला मुद्दा उरत नाही.