सकाळी अकरा ते चार

बाबांच्या ज्येष्ठ नागरिक संघात परवा भांडण झालं. विषय १ ऑक्टोबरच्या कार्यक्रमाचा, म्हणजे जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाचा. एका गटाचं म्हणणं, दरवर्षीसारखं मधुमेहावर व्याख्यान ठेवू आणि पंचाहत्तरी गाठलेल्यांना शाल-श्रीफळ देऊ. दुसरा गट बायकांचा. हॉल घेतलाच आहे तर हादगा घालू, असं त्या म्हणाल्या. अध्यक्षांनी विचारलं, "फेर धरताना कुणी पडलं तर जबाबदार कोण?" त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. व्याख्यान ठरलं.

"तुम्ही कुणाच्या बाजूने होतात?" मी बाबांना विचारलं.

"चहाच्या."

मी गेली अकरा वर्षं जपानात आहे, ओसाकाजवळ. दर गुरुवारी एका वृद्धांच्या दिवसकेंद्रात मदतीला जाते. पगार नाही. सुरुवात केली ती जपानी सुधारावी म्हणून, त्यामुळे उगाच सेवाभावाचं श्रेय घेत नाही. पण बाबांच्या संघातलं भांडण ऐकून वाटलं, अगदी हेच भांडण मी इथेही पाहिलंय, फक्त उलट्या बाजूने.

सकाळी नऊच्या सुमारास केंद्राची गाडी एकेकाला घरून घेऊन येते. ताप, रक्तदाब बघतात, मग अंघोळ (जपानी म्हाताऱ्यांचा निम्मा जीव त्या गरम पाण्याच्या हौदात असतो), मग जेवण. जेवणाआधी सगळे मिळून मोठ्यानं 'पा-ता-का-रा' म्हणतात. पा म्हणताना ओठ मिटतात, ता ला जिभेचं टोक वर जातं, का ला घशाकडचा भाग हलतो, रा ला जीभ वळते. घास नीट गिळला जावा म्हणून तोंडाला दिलेला हा व्यायाम. पहिल्या दिवशी मला हसू आलं. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य असं आपण शाळेत घोकलं ते परीक्षेसाठी, आणि इथे त्याच्यावर जेवण सुखरूप पोटात जातंय!

दुपारी दोनला 'रेकु', म्हणजे 'रिक्रिएशन'चं जपानी लघुरूप. शरदात त्याला विषय कमी पडत नाहीत. सप्टेंबरात पौर्णिमेचा चंद्र आणि त्यावरचा ससा (ससा त्यांनाही दिसतो, आपण तर चंद्राचं नावच शशी ठेवलंय). ऑक्टोबरात लाल-केशरी काकी फळं. नोव्हेंबरात मोमिजी, म्हणजे लाल होणारा मेपल. बाहेर थंडी आणि घसरडी पानं, म्हणून ऋतू घरात आणायचा. रंगीत कागद कात्रीशिवाय, हातानं फाडून चिकटवायचे आणि त्यातून चित्र करायचं, त्याला 'चिगिरिए' म्हणतात. दहाबारा जणांच्या तुकड्यांतून भिंतभर मोमिजीचं झाड उभं राहतं. फाटलेल्या कडांमुळे पान खरंच वाळल्यासारखं दिसतं.

दिसायला छान. पण दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐंशी ओलांडलेले एक आजोबा, जन्मभर सुतारकाम केलेले. त्यांच्यापुढे लाल कागद ठेवून एक तरुण कर्मचारी लाडिक आवाजात म्हणाली, "छान छान पानं करू या हं!" आजोबांनी कागद सरकवला. "मी बालवाडीत नाही," एवढं म्हणून उरलेली दुपार वर्तमानपत्रामागे. पुढचे दोन गुरुवार ते आलेच नाहीत.

मी मनातून त्यांच्या बाजूने होते. ऋतूचं निमित्त करून म्हाताऱ्यांना परत शिशुवर्गात बसवायचं, हा या केंद्रांचा खरा दोष. जपानी कुटुंबांतही यावर कुरकुर असते. पुरुष तर रेकुच्या वेळी हटकून डुलकी घेतात. त्यांच्यासाठी कुठेकुठे माहजोंगचे, म्हणजे पत्त्यांसारख्या एका सोंगट्यांच्या खेळाचे, डाव मांडतात: पैसे लावायचे नाहीत, प्यायचं नाही, ओढायचं नाही. तिथे मात्र डोळे टक्क उघडे.

नोव्हेंबरात कुणाच्या तरी बागेतली तुरट काकींची पेटी आली. ही फळं तशी खाल्ली तर तोंडाला मिठी बसते. सोलून, दोरीला टांगून वाळवली की महिना-दीड महिन्यात तुरटपणा जातो आणि वर साखरेची पांढरी पूड येते. केंद्रप्रमुख आधी चाकू द्यायला तयार नव्हत्या. इथेही प्रश्न तोच, कापलं तर जबाबदार कोण? शेवटी ज्यांचे हात थरथरतात त्यांना सोलाणं आणि बाकीच्यांना लहान चाकू, असं ठरलं.

त्या दुपारी कुणी कुणाला काही शिकवलं नाही. उलट एका आजींनी माझ्या हातातलं फळ काढूनच घेतलं, कारण मी देठ तोडत होते. देठाला जोडलेली फांदी इंग्रजी 'टी'सारखी आडवी ठेवायची, नाहीतर दोरी बांधणार कशाला? सोललेली फळं उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवायची म्हणजे बुरशी धरत नाही. आठवड्याने हलक्या हातानं चेपायची. दुसऱ्या आजी म्हणाल्या, आमच्याकडे चेपत नाहीत. मग त्यावर वाद. आणि आमचे सुतार आजोबा वर्तमानपत्र खाली ठेवून कर्मचाऱ्यावर ओरडले, "ती गाठ सुटणार!" उठले, भिंतीचा आधार घेत खिडकीपाशी गेले आणि सगळ्या दोऱ्या पुन्हा बांधल्या. डिसेंबरभर येताजाता ते फळं मोजायचे.

कागदाचं पान आणि ही काकी, दोन्ही शरदाचीच. पण एकीत तुम्ही विद्यार्थी असता आणि दुसरीत जाणकार. मला सगळा फरक एवढाच वाटतो. म्हाताऱ्या माणसाला 'बिझी' ठेवणं हे काही मोठं काम नाही. त्याला जे आपल्यापेक्षा जास्त येतं, ते करायला जागा देणं अवघड, कारण मग चाकू द्यावा लागतो.

आता घरचं. आपल्याकडचा वाद कायम राहण्याच्या जागेवर अडतो. वृद्धाश्रम पाप की सोय? मुलं परदेशी गेली ती स्वार्थी की नाइलाज? या वादात मी आरोपीच असते. आत्या एकदा म्हणाली, "तिकडे लोकांच्या म्हाताऱ्यांना कागद फाडायला शिकवतेस आणि इकडे बाप एकटा." ते लागलं, कारण खरं आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. महाराष्ट्रात पंचाहत्तरीपुढे एसटी फुकट आहे. पोटाचं झालं, प्रवासाचं झालं. पण सकाळी अकरा ते चार माणसाने करायचं काय, हा प्रश्न आपल्या घरी-दारी कुणी विचारत नाही. आईवडील मुलाच्याच घरात असले तरी तो प्रश्न तसाच असतो, दुपारच्या मालिकांसमोर बसलेला.

"तिकडे सरकार पैसे देतं," हे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते बरोबरही आहे. जपानात २००० सालापासून शुश्रूषेचा विमा आहे. चाळिशीपासून हप्ता कापतात. गरज लागली की बहुतेकांना खर्चाचा १० टक्के वाटा द्यावा लागतो. गाडी, अंघोळ, कर्मचारी हे सगळं त्यातून येतं. आपल्याकडे ते उद्या उभं राहणार नाही. शिवाय सत्काराचा सोस इथेही आहे. सप्टेंबरचा तिसरा सोमवार ज्येष्ठांच्या सन्मानाची सुट्टी. १९६३ पासून शंभरी गाठणाऱ्याला सरकार चांदीचा पेला देतं. तेव्हा शंभरीपुढचे लोक होते १५३. २०२५ मध्ये ते ९९,७६३ झाले, बहुतेक बायकाच. खर्च झेपेना, म्हणून २०१६ पासून पेल्याला नुसता चांदीचा मुलामा. 'जीवेत शरदः शतम्' असा आशीर्वाद आपण देतो, तो फळला तर काय होतं ते इथे दिसतं.

पण हादग्याला कुठला विमा लागतो? पाटावर हत्ती, भोवती गाणी आणि डब्यात खिरापत. सत्तरीतल्या बायकांना ती गाणी एकामागून एक तोंडपाठ असतात, त्यांच्या सुनांना चार ओळीही येत नाहीत. डबा वाजवून, गोड की तिखट असं विचारत खिरापत ओळखायची, याच्याइतका चांगला स्मरणशक्तीचा खेळ मी इथल्या कुठल्याही पुस्तिकेत पाहिला नाही. राहिला प्रश्न पडण्याचा. इथे ऑक्टोबरात म्हाताऱ्यांची क्रीडास्पर्धा होते, दिवाणखान्यात, खुर्चीवर बसून. सणाचा नाचही बसूनच, नुसते हात आणि पावलं. तसाच खुर्च्या गोल मांडून हादगा होईल. फेर खुर्च्यांचा, हत्ती मध्ये.

हे मी बाबांना सांगितलं. त्यांना पटलं. "अध्यक्षांना तू स्वतः फोन कर," ते म्हणाले. "जपानात असं करतात म्हटलंस की लगेच मान्य करतील."

"पण खुर्च्यांचं बायकांना सुचलं नव्हतं?"

"सुचलं होतं की. मागच्या वर्षीच म्हणाल्या होत्या."