डॉक्टर तिसऱ्या रांगेत आहेत

नारायण पेठेत राहणाऱ्या माणसानं अनंत चतुर्दशीला आजारी पडू नये. एका अंगाला लक्ष्मी रोड, दुसऱ्या अंगाला केळकर रोड, दोन्हीकडे मिरवणूक आणि दोन्ही रस्ते पुढे जाऊन मिळतात ते टिळक चौकात. म्हणजे त्या दिवशी आम्ही बेटावर असतो. दूध, भाजी, सासूबाई, जे काय आणायचं ते आदल्या रात्री आणून ठेवायचं. मी सगळं आणून ठेवलं होतं. मुतखडा मात्र परस्पर आला.

दुपारी साडेतीनला डाव्या कुशीत कुणीतरी पाना लावून पिळल्यासारखं झालं. आधी वाटलं, गॅस. जेवणात मोदक पाच झाले होते (हिच्या मते सात). आडवा झालो, राहवेना. बसलो, बसवेना. शेवटी घरभर फेऱ्या मारायला लागलो. इतर दुखण्यांत माणूस गप पडून तरी राहतो. या दुखण्याला तेही मंजूर नसतं.

आमच्या डॉक्टरांना माझ्या पोटाचा बावीस वर्षांचा इतिहास पाठ आहे. मी 'डॉक्टर, ते परत...' म्हणायचं आणि त्यांनी 'मिसळ?' विचारायचं, एवढ्यात तपासणी संपते. हिनं दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडर म्हणाला, "डॉक्टर लक्ष्मी रोडवर आहेत. तिसऱ्या रांगेत, डावीकडून दुसरा ढोल. अर्जंट असेल तर जाऊन भेटा, पण टोल थांबल्याशिवाय त्यांना काही ऐकू यायचं नाही."

तसे ते दोन महिने नदीपात्रात सराव करत होतेच. दवाखान्याच्या दारावर पाटीही होती: 'सायंकाळी ६ नंतर डॉक्टर सरावास जातात. ताप त्याआधी आणावा.'

तोवर वाड्यात बातमी पसरली होती. वरचे काका पानफुटीचं पान घेऊन उतरले, काकूंनी कुळथाचं कढण टाकलं. त्यांचा जावई कानाशी येऊन "बिअर" एवढंच म्हणाला. "आज ड्राय डे आहे," काका म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले, की त्यांनी सकाळीच चौकशी केली असावी.

१०८ला फोन करावा, असं हिचं म्हणणं. रुग्णवाहिकेला पुण्याची गर्दी वाट देते, अगदी ऐन मिरवणुकीतही देते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण लाखभर माणसं श्वास रोखून बाजूला होणार, ढोल थांबणार, आणि आत कोण, तर मुतखडा! मन धजेना. सदाशिव पेठेतलं एक हॉस्पिटल चालत सातशे पावलांवर. नाहीतरी मी घरात चालतच होतो.

त्या सातशे पावलांत लक्ष्मी रोड आडवा येतो.

आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि समोर पथक. पांढरे झब्बे, फेटे, भोवती दोर धरलेली पोरं. इतक्यात खड्यानं आत कूस बदलली. मी कमरेत वाकलो, एक हात वर गेला, एका पायावर अर्धी गिरकी झाली. लोकांनी कौतुकानं जागा करून दिली. कुणीतरी कपाळभर गुलाल लावला. दोरवाला पोरगा ओरडला, "काका, दोराच्या बाहेर!"

"मेलो!" मी जीव खाऊन ओरडलो.

"मोरया!" तो त्याहून मोठ्यानं म्हणाला आणि त्यानं दोर वर उचलला. असा मी लक्ष्मी रोड ओलांडला. ओलांडताना डॉक्टर दिसतात का बघत होतो, पण तिसऱ्या रांगेतले सगळे सारखेच. फेट्याखाली डॉक्टर ओळखू येत नाही. एकानं माझ्याकडे बघून टिपरू उंचावल्यासारखं वाटलं. पण वेदनेत माणसाला काहीही दिसतं.

कॅज्युअल्टीत ड्युटीवरचा मुलगा आमच्या धाकट्यापेक्षा लहान. गुलालानं माखलेला, झुलत आत आलेला माणूस बघून त्यानं पहिला प्रश्न विचारला, "काका, घेतलीय का?" दुसरा, "दुखणं एक ते दहामध्ये किती?" मी दहा म्हणणार होतो, पण दोन बाळंतपणं केलेली बाई शेजारी उभी होती. सात म्हणालो. ती तरी हसलीच.

मग ॲलर्जी, बीपी, शुगर, आधीची ऑपरेशनं. बावीस वर्षं मला कुणी हे विचारलेलं नाही. 'मिसळ?' असं कुणी विचारलं असतं, तर मी तिथंच रडलो असतो.

डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन बसलं आणि अर्ध्या तासात जग पुन्हा राहण्याजोगं झालं. मग सोनोग्राफी. त्यासाठी मूत्राशय भरलेलं हवं. ज्याची वाटच अडलीय, त्याला लिटरभर पाणी पाजायचं आणि वर सांगायचं, दाबून धरा. मी धरलं. बाहेर 'पुढच्या वर्षी लवकर या' चाललं होतं. मी खड्याला मनात एवढंच म्हणालो, तू मात्र येऊ नकोस.

खडा निघाला चार मिलिमीटरचा, मूत्रनलिकेच्या पार खालच्या टोकाशी, दाराबाहेर चप्पल घालून उभा राहिल्यासारखा. एवढा बहुतेक वेळा आपसूक पडतो, मुलगा म्हणाला. गोळ्या, दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, ताप आला तर मात्र ताबडतोब परत या. नीट समजावलं त्यानं. फक्त मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि तो त्याचा दोष नव्हे.

मिरवणूक चोवीस तास उलटले तरी संपली नव्हती. डॉक्टर भेटले तिसऱ्या दिवशी. दहाही बोटांना पट्ट्या, आवाज बसलेला. रिपोर्ट वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा रिपोर्ट वाचला.

"म्हणजे परवा लक्ष्मी रोडवर तुम्ही नाचत नव्हता?"

"नाही."

"अरेरे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अहो, तुमच्यासाठी म्हणून तर मी ठेका वाढवला!"